टेस्टोस्टेरॉन चालू आहे आणि मूल हवं आहे: ठाणे-नवी मुंबईतल्या जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी समुपदेशनाचं काम करते. कुणी नौपाड्यातून चालत येतं, कुणी कासारवडवलीच्या टॉवरमधून, कुणी ऐरोली-नेरूळहून ट्रान्स-हार्बर लोकलने. यातल्या बऱ्याच घरांत एकच गोष्ट आढळते. नवरा टेस्टोस्टेरॉन घेत असतो, मूल राहत नसतं, आणि या दोन गोष्टींचा काही संबंध असेल हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे पान लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे युरोलॉजिस्ट, अँड्रॉलॉजिस्ट (पुरुष-प्रजननाचे तज्ज्ञ) किंवा एंडोक्रायनोलॉजिस्टच (हार्मोनचे तज्ज्ञ) ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी हे वाचलेलं असू द्या.

टेस्टोस्टेरॉन तर पुरुषाचं हार्मोन. ते घेतल्यावर शुक्राणू वाढायला हवेत ना?

असंच सगळ्यांना वाटतं. होतं मात्र उलटं.

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचं उदाहरण घ्या. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की खालचा बोअरवेलचा पंप आपोआप चालू होतो, भरली की बंद. खालच्या बागेला पाणी मात्र थेट पंपाच्या नळातून जातं. आता टाकी रोज टँकरनेच काठोकाठ भरली, तर पंप चालूच होणार नाही. वर नळाला भरपूर पाणी येईल आणि खाली बाग सुकेल.

शरीरात पंप चालवण्याचं काम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी करते. ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन सोडते. एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होतं, एफएसएचमुळे शुक्राणूंना वाढवणाऱ्या पेशी कामाला लागतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे. एलएच आणि एफएसएच दोन्ही खाली येतात. शुक्राणू बनायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त लागतं, पन्नास ते शंभर पट. इंजेक्शनने रक्तातली पातळी उत्तम होते, पण आतली कोसळते.

पण मला तर सगळं छान वाटतंय. इच्छा आहे, ताकद आहे, वीर्यही येतं.

येणारच. वीर्याचा बहुतेक भाग प्रोस्टेट आणि वीर्यकोशातून येतो, त्यामुळे शुक्राणू शून्य झाले तरी डोळ्यांना फरक दिसत नाही. ते फक्त तपासणीतच कळतं.

शून्य खरंच होतात का, असंही विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉनचीच चाचणी घेतली होती. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम इंजेक्शन दिलं. सहा महिन्यांत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. आशियाई केंद्रांमध्ये हे प्रमाण आणखी जास्त होतं. म्हणजे आपल्याला गाफील राहून चालणार नाही. तरीही याला भरवशाचं गर्भनिरोधक समजू नका, कारण काहींचे शुक्राणू कमी होतात पण संपत नाहीत.

मग आजच इंजेक्शन बंद करतो.

थांबा. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको.

टेस्टोस्टेरॉन अचानक बंद केलं की काही आठवडे किंवा महिने तुमचं स्वतःचं उत्पादन सुरू झालेलं नसतं आणि बाहेरचंही संपलेलं असतं. त्या काळात थकवा येतो, झोप बिघडते, चिडचिड होते, इच्छा मरते, काहींना खोल उदासी घेरते. आधीपासून नैराश्याचा त्रास असेल तर हा काळ धोक्याचा ठरू शकतो. म्हणून थांबताना सोबत दुसरं औषध सुरू करायचं का, हे डॉक्टर ठरवतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. टेस्टोस्टेरॉनची थेरपी मुळात का सुरू झाली होती? पिट्युटरीच्या गाठीमुळे किंवा तिथल्या शस्त्रक्रियेनंतर सुरू झाली असेल, तर नुसतं थांबून काहीच परत येणार नाही, कारण पंप चालवणारं बटणच नादुरुस्त आहे. अशा वेळी एलएच आणि एफएसएचचं काम करणारी इंजेक्शनं द्यावी लागतात. त्यांचा गुण चांगला येतो, पण वेळ लागतो. उलट दोष वृषणातच असेल, जसा क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये (पुरुषात जन्मतः एक जादा एक्स गुणसूत्र) असतो, तर ही इंजेक्शनं फारशी उपयोगी पडत नाहीत आणि रस्ता वेगळा असतो. हे ओळखायला थेरपी सुरू होण्याआधीचा एलएच आणि एफएसएचचा रिपोर्ट सोन्यासारखा असतो. कपाटातली जुनी फाईल शोधा. लॅबच्या ॲपमध्ये, जुन्या ईमेलमध्ये पाहा. थेरपी चालू असताना काढलेला रिपोर्ट या प्रश्नाचं उत्तर देत नाही, कारण तेव्हा दोन्ही आकडे दबलेलेच असतात.

थांबल्यावर शुक्राणू परत यायला किती दिवस लागतात?

दिवस मोजू नका, महिने मोजा.

एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यापुढे नलिकेतून प्रवास करून बाहेर यायला आणखी दहा-पंधरा. म्हणजे मेंदूने उद्या सकाळी पूर्ण जोमाने काम सुरू केलं तरी त्याचा परिणाम रिपोर्टमध्ये दिसायला तीन महिने जातील. प्रत्यक्षात मेंदू उद्या सकाळी जागा होत नाही.

२००६ साली तीस अभ्यासांतली आकडेवारी एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात पंधराशेहून अधिक पुरुष होते. दर मिलिलिटरला २ कोटी शुक्राणूंपर्यंत परत येण्याचं प्रमाण सहा महिन्यांत ६७ टक्के, एका वर्षात ९० टक्के, सोळा महिन्यांत ९६ टक्के आणि दोन वर्षांत जवळपास सगळे, असं दिसलं. हे आकडे धीर देणारे आहेत आणि मी ते प्रत्येक जोडप्याला सांगते. सोबत हेही सांगते की ते सगळे निरोगी स्वयंसेवक होते. त्यांचे शुक्राणू आधी नॉर्मल होते आणि त्यांनी ठरावीक काळच इंजेक्शन घेतलं होतं. तुम्ही पाच वर्षं घेत असाल, वय चाळिशीपुढे असेल, किंवा आधीच संख्या कमी असेल, तर वेळ जास्त लागू शकतो. वय आणि थेरपीची वर्षं, या दोन गोष्टींवर बरंच अवलंबून असतं.

इंजेक्शन कोणतं, यावरही फरक पडतो. १००० मिलिग्रॅमचं टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट हे लांब पल्ल्याचं इंजेक्शन दहा ते चौदा आठवड्यांनी एकदा देतात. शेवटचा डोस घेतल्यानंतरही ते अनेक आठवडे रक्तात उतरत राहतं. त्यामुळे “मी दोन महिन्यांपूर्वीच थांबवलं” याचा अर्थ शरीराच्या दृष्टीने तुम्ही अजून थांबलेलाच नसता. कातडीवर टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांचं तसं नाही, ते काही दिवसांत उतरतं.

थेरपी चालू ठेवूनच शुक्राणू टिकवता येत नाहीत का?

काही प्रमाणात येतात, आणि त्यासाठी एचसीजी वापरतात. हे हार्मोन एलएचसारखं वागतं. मेंदूला वगळून थेट वृषणाला संदेश देतं, त्यामुळे आतलं टेस्टोस्टेरॉन तयार होत राहतं. २००५ मधल्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर तीन आठवड्यांत वृषणाच्या आतली पातळी ९४ टक्क्यांनी घसरली. ज्यांना सोबत दिवसाआड २५० युनिट एचसीजी दिलं, त्यांची पातळी जवळपास जागेवर राहिली. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात थेरपीबरोबर दिवसाआड ५०० युनिट एचसीजी घेणाऱ्या २६ पुरुषांपैकी एकाचेही शुक्राणू शून्यावर गेले नाहीत.

अभ्यास छोटे आहेत, हे लक्षात असू द्या. शिवाय हा उपाय टिकवण्यासाठी जास्त चांगला आहे. शुक्राणू आधीच शून्यावर गेले असतील आणि मूल याच वर्षी हवं असेल, तर बहुतेक तज्ज्ञ टेस्टोस्टेरॉन थांबवून एचसीजीवर आणतात. त्यात एक फायदा असा की एचसीजीमुळे तुमचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन वाढतं, त्यामुळे मघाशी सांगितलेला कोसळण्याचा काळ पुष्कळ सुसह्य होतो. अमेरिकन युरोलॉजी असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की ज्याला आता किंवा पुढे मूल हवं आहे, त्याला नुसतं टेस्टोस्टेरॉन देऊ नये. हे वाक्य पहिल्या चिठ्ठीच्या वेळीच प्रत्येक पुरुषाला ऐकायला मिळावं, असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरांनी क्लोमिफीन दिलं. मेडिकलवाला म्हणाला, ही तर बायकांची गोळी आहे.

मेडिकलवाल्याने ती स्त्रियांच्या चिठ्ठ्यांवरच पाहिलेली असते, कारण स्त्रीबीज तयार होण्यासाठी ती दिली जाते. पण काम एकच: मेंदूला इस्ट्रोजेन (पुरुषांतही थोडं असणारं स्त्री-हार्मोन) दिसू न देणं. मग हार्मोन कमी पडलंय असं वाटून मेंदू एलएच आणि एफएसएच वाढवतो. पुरुषांतही हेच हवं असतं, म्हणून डॉक्टर ती वापरतात, साधारण २५ मिलिग्रॅम रोज किंवा दिवसाआड. बाहेरचं टेस्टोस्टेरॉन चालू असताना एकट्या या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. नजर धूसर झाली, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं झालं किंवा मन फार खाली गेलं तर लगेच कळवा.

एचसीजी आणि क्लोमिफीन एकत्रही देतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेस्टोस्टेरॉन घेतल्यामुळे शुक्राणू संपलेल्या किंवा फार घटलेल्या ४९ पुरुषांना दिवसाआड ३००० युनिट एचसीजी आणि त्याबरोबर क्लोमिफीनसारखं पूरक औषध दिलं. ४७ जणांचे शुक्राणू परत आले किंवा सुधारले, सरासरी साडेचार महिन्यांच्या आसपास. एचसीजीने पुरेसा फरक पडला नाही तर एफएसएचची इंजेक्शनं जोडतात. ती महाग असतात, म्हणून किती महिने लागतील याचा अंदाज आधीच विचारून घ्या. छातीत दुखरी गाठ जाणवली किंवा रक्तात इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) वाढलं तर ते कमी करणारं अ‍ॅनास्ट्रोझोल देतात. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून यातलं काहीही सुरू करू नका.

एचसीजी घरी कसं ठेवायचं?

वेष्टनावरची सूचना पाहा. बहुतेक कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात, आणि पाण्यात मिसळल्यावर तर फ्रिजमध्येच. फ्रीझरमध्ये नाही, दारातही नाही. मधल्या कप्प्यात, डबीत ठेवा. मे महिन्यात मेडिकलमधून घेऊन लोकलने पनवेलपर्यंत जाणार असाल तर बर्फाची पिशवी मागून घ्या. सुई कातडीखाली टोचायची असते, परिचारिका एकदा शिकवते, मग जमतं. पुष्कळ घरांत ते काम बायकोच करते.

वीर्य तपासणी कधी आणि कशी करायची?

उपचार सुरू करण्याआधी एकदा, मग साधारण दर दोन-तीन महिन्यांनी. दर पंधरा दिवसांनी करून काही कळत नाही, फक्त जीव टांगणीला लागतो.

दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नमुना द्यायचा. घरी घेतला तर तासाभराच्या आत, शक्यतो त्याहून लवकर लॅबमध्ये पोचला पाहिजे, आणि अंगाच्या उबेत, खिशात ठेवून. घोडबंदरला राहत असाल तर माजिवडा-कापूरबावडीच्या ट्रॅफिकच्या भरवशावर हे करू नका. लॅबमध्ये वेगळी खोली असते, तिथेच द्या. लाज वाटते हे मान्य, पण तिथल्या लोकांचं ते रोजचं काम आहे. नमुन्याचा पहिला भाग सांडला तर तसं सांगा, कारण सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात.

रिपोर्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा पाहा: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के. हे आकडे पास-नापास ठरवत नाहीत. याखाली असूनही मूल होतं आणि यावर असूनही अडतं. ‘शून्य’ लिहून आलं असेल तर एक गोष्ट नक्की विचारा: नमुना सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात जोरात फिरवून) तळाशी बसलेला भाग पाहिला का? तिथे चार-दोन शुक्राणू सापडले तरी पुढचा सगळा विचार बदलतो.

रक्तात सकाळचं टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, इस्ट्रॅडिओल, प्रोलॅक्टिन आणि हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट पाहतात. ऐरोली किंवा महापेला रात्रपाळी करणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगावं. रात्रभर जागून सकाळी आठला दिलेलं रक्त दिशाभूल करू शकतं, झोपून उठल्यावर काही तासांत दिलेलं बरं.

मला डॉक्टरांनी दिलंच नव्हतं. जिममधल्या ट्रेनरने कोर्स दिला होता.

सांगितलंत हे बरं केलंत. खरं सांगा, पूर्ण सांगा. कोणतं इंजेक्शन, किती, किती महिने, सोबत काय गोळ्या, शेवटचं कधी. डॉक्टर पोलिसांत जात नाहीत. त्यांना ही माहिती नसेल तर ते शून्य शुक्राणूंचं कारण शोधायला जनुकीय तपासणी, बायोप्सी असं एकेक करत बसतील आणि पैसा तुमचा जाईल.

टेस्टोस्टेरॉन आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. जिममध्ये बॅगेतून निघणाऱ्या कुपीत नक्की काय आहे, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. नँड्रोलोन डेकॅनोएटसारखी जिममधली स्टेरॉइड द्रव्यं शरीरातून निघायला बराच वेळ घेतात. आणि कोर्सनंतर ट्रेनर जी ‘पीसीटी’ (स्वतःचं हार्मोन परत सुरू करायची औषधं) देतो, तीत औषधांची नावं बरोबर असली तरी मात्रा आणि वेळ ऐकीव असते. पंचवीस-सव्वीसची मुलं लग्नाआधी दंड फुगवायला हे घेतात तेव्हा त्यांच्या डोक्यात मूल हा विषयही नसतो. मला राग येतो तो त्या मुलांचा नाही, हे माहीत असून न सांगणाऱ्यांचा येतो.

बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या. नॉर्मल आहेत. आता पुढे?

आता नवऱ्याची वीर्य तपासणी. खरं तर ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

हे मी जरा लांबून सांगणार आहे. आपल्याकडे मूल झालं नाही की सुनेला घेऊन जातात. तिची सोनोग्राफी होते, रक्त होतं, नळ्यांची दुखणारी तपासणी होते, कधी लॅपरोस्कोपीही (पोटात दुर्बीण घालून तपासणी). सोबत उपास, नवस, आणि बारशाला किंवा ओटीभरणाला गेल्यावर मागून ऐकू येणारी वाक्यं. दोन वर्षांनी कुणीतरी नवऱ्याचा नमुना मागतो आणि रिपोर्टवर शून्य येतं. त्याची तपासणी सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त, आणि अजिबात न दुखणारी. दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू व्हावी, हे वैद्यकशास्त्रही सांगतं.

बायकोचं वय इथे सगळ्यात मोठा हिशेब आहे. ती अठ्ठावीसची असेल तर नवऱ्याचे शुक्राणू परत यायला वर्षभर थांबता येतं. ती सदतीसची असेल तर ते वर्ष तिच्या बीजांच्या खात्यातून जातं. मग एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय हे सांगणारी रक्ततपासणी) पाहून, नवऱ्याचे उपचार चालू असतानाच आयव्हीएफ-इक्सीची, म्हणजे लॅबमध्ये बीजात शुक्राणू सोडून गर्भ तयार करण्याची, तयारी ठेवावी लागते. इक्सीत एका बीजाला एकच शुक्राणू लागतो, त्यामुळे संख्या लाखांत असली तरी पुरते. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार हे उपचार नोंदणीकृत केंद्रातच घेता येतात, आणि वयाची मर्यादा स्त्रीसाठी २१ ते ५०, पुरुषासाठी २१ ते ५५ आहे. केंद्राचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

सासूबाईंना, आईला काय सांगायचं?

तुम्ही दोघांनी ठरवाल तेवढंच. पण दोष तिच्यावर ढकलला जात असेल, तर नवऱ्याने स्वतः बोलावं. “आई, माझं औषध चालू होतं, त्यामुळे थांबलंय, उपचार सुरू आहेत,” एवढं पुरतं.

अश्वगंधा, झिंक, शिलाजित?

बंद पडलेलं एलएच यातल्या कशानेही सुरू होत नाही. वजन, झोप आणि तंबाखू यांचा मात्र फरक पडतो. पोट सुटलेल्या, मधुमेह असलेल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन वजन उतरल्यावर आपोआप वाढतं, कधी इतकं की थेरपीची गरजच उरत नाही.

अजून लग्न झालेलं नाही, पण डॉक्टर थेरपी सुरू करा म्हणतात.

पहिल्या इंजेक्शनआधी वीर्य तपासून घ्या आणि नोंदणीकृत बँकेत गोठवून ठेवा. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं. एकदा सुरुवात झाल्यावर हे करायचं म्हटलं तर बऱ्याचदा गोठवायला काही उरलेलं नसतं. क्लोमिफीन किंवा एचसीजीने काम भागेल का, हेही तेव्हाच विचारा.

सगळं करूनही शुक्राणू आले नाहीत तर?

मग कारण फक्त टेस्टोस्टेरॉन नसावं. क्लाइनफेल्टर, वाय गुणसूत्रातला छोटा तुटलेला भाग, व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा), लहानपणी न उतरलेलं वृषण, गालगुंडानंतरचा दाह, यांचा शोध घेतात. थेरपीआधी वीर्य कधीच तपासलेलं नसेल तर आधी किती होते हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि सगळा दोष इंजेक्शनवर जातो. वृषणातून सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रियेने शुक्राणू शोधता येतात, पण घाई नको. आधी हार्मोनना पुरेसा वेळ द्या. तेही न जमल्यास दाता शुक्राणू किंवा दत्तक, यावर बोलायला आम्ही आहोत.

दिवस राहिले! आता टेस्टोस्टेरॉन परत सुरू करू का?

अभिनंदन. पण लगेच नको. निदान पहिले तीन महिने नीट पार पडू द्या. पहिल्या काही आठवड्यांतले गर्भपात दुर्मीळ नसतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं जड जातं. दुसरं मूल हवं असेल तर परत सुरू करण्याआधी वीर्य गोठवून ठेवा, किंवा एचसीजी चालू ठेवण्याबद्दल विचारा. जेल वापरणार असाल तर लावल्यावर हात साबणाने धुवा, जागा कपड्याने झाकून ठेवा आणि उघड्या कातडीचा स्पर्श गरोदर बायकोला, पुढे बाळाला होऊ देऊ नका, कारण ते औषध कातडीवरून दुसऱ्याच्या अंगात जातं. बाळाला खांद्यावर घेऊन झोपवायची सवय लागणार असेल, तर जेलऐवजी इंजेक्शनचा पर्याय डॉक्टरांना विचारा.